चाकावरचा पिंगळा

न्यूझीलंडमध्ये कावळा नाही, हे मला माझ्या आईने सांगितलं. ती साताऱ्याहून येऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि मी ख्राइस्टचर्चमध्ये चांगली काही वर्षं काढलेली. इस्पितळाच्या औषध विभागात पक्की नोकरी होती, स्वतःचं घर होतं, मागे अंगण, अंगणात लिंबाचं झाड. पण डोक्यावर काय उडतं आणि काय उडत नाही हे बघायला मान वर केली होती कुणी? आईने केली. जेवायच्या आधी पानातला पहिला घास काढून ती मागच्या व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. आत तिचा भात गार व्हायचा. मी दोनदा हाक मारली की यायची आणि मुकाट्याने जेवायची. एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "इथले कावळे कुठे गेले गं?"

"असतील की. थंडी खूप आहे ना आता, बसले असतील कुठेतरी."

"नाहीत. मी रोज बघतेय. एकसुद्धा नाही."

मी हसले आणि तिला गप्प करायला म्हणून फोनवर शोधलं. आणि गप्प मीच झाले. नव्हता. अख्ख्या देशात आपला कावळा नव्हता. मला काय वाटलं ते धड सांगता येणार नाही. कावळा हा काय असायचा-नसायचा पक्षी आहे? धूळ असते, डास असतात, कावळा असतो. इतकी वर्षं मी कावळ्याशिवाय जगत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं, याचाच मला जास्त धक्का बसला. कावळ्याच्या भावकीतला एक पक्षी कुणे एके काळी इंग्लंडहून बोटीने आणला होता म्हणे, पण तो पिकं खातो म्हणून शेतकरी आणि सरकार त्याच्या मागे लागले आणि तोही जवळपास संपत आला. हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं.

"कावळ्यांना मारतात?" तिचा घास हातातच राहिला. "मग इथली माणसं मेली की त्यांच्या घरचे कुणाकडे बघतात?"

माझा नवरा संगणकवाला. त्याच्याकडे सगळ्याला उत्तर असतं. तो आपलं ताट उचलून सिंकपाशी गेला.

हे आईचं नुसतं सोवळंओवळं असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. मी फटकळ आहे, आणि आईला त्याची सवय आहे. पण गोष्ट बाबांची होती. बाबा आदल्या कार्तिकात गेले. मी विमानं बदलत पोचले तोवर सगळं उरकलं होतं, दहावा तेवढा मिळाला. बायकांनी घाटावर जायचं नसतं असं कुणीतरी पुटपुटलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुढे काही बोलला नाही. आई आणि मी दोघी गेलो. संगम माहुलीला चुलतभावाने पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरून उभे राहिलो. पिंपळावर कावळे होते, भरपूर होते. शेजारच्या कुणाच्या तरी पिंडावर तुटून पडले. आमच्या पिंडाकडे ढुंकून बघेनात.

मग बाबांची कसली इच्छा राहिली असेल यावर घाटावर परिसंवादच भरला. काका म्हणाले, जमिनीचं मी बघतो. कावळा हलला नाही. आत्या म्हणाली, दादा, वहिनीला एकटं पडू देणार नाही. कावळ्याने चोच पुसली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण परदेशी गेलेली एकुलती एक मुलगी म्हटल्यावर कावळ्याचं घोडं कुठे अडलंय ते सगळ्यांना दिसत होतं. मी म्हटलं, "बाबा, आईला मी माझ्याकडे घेऊन जाते." ऊन चढलं, पोरं भुकेने रडायला लागली, तरी कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि सगळे घाईने घरी गेले.

आईला ते पटलं नव्हतं. ती शाळेत शिकवायची, तिच्या मते दर्भाचा कावळा म्हणजे वर्गात दुसऱ्याच पोराने 'हजर' म्हणणं. माणूस मात्र आलेलाच नाही. बाबा अडकून राहिलेत आणि वर्षश्राद्धाला खरा कावळा शिवला तरच ते सुटतील, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. आणि मी तिला उचलून आणली होती ती नेमकी कावळाच नसलेल्या देशात. एवढं मोठं जग पडलं होतं, पण नाही.

गुरुजींना फोन लावला. ते म्हणाले, देशकालानुसार कुठलाही पक्षी चालतो, गायही चालते. आईने हो हो म्हणून फोन ठेवला आणि मला म्हणाली, "त्यांना घाई होती." मग तिने स्वतःच शोध सुरू केला. घराजवळच्या बागेत मॅगपाय असतात, काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेले दांडगे पक्षी. आईला ते अर्धे कावळे वाटले. अर्धा तर अर्धा, म्हणाली. वसंत लागला होता, त्यांची घरटी भरली होती, आणि घरट्यापाशी कुणी आलं की ते डोक्यावर झडप घालतात हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आईला कोण सांगणार? स्टीलच्या डब्यात दहीभात घेऊन ती एकटीच गेली. मी कामावरून आले तर आई सोफ्यावर, केसांत रक्त, नवरा हातात कापूस घेऊन भांबावलेला, आणि आईचा चेहरा फुललेला.

"शिवला!" ती म्हणाली.

"तुला शिवला, आई! तुला! भाताला नाही!"

ती विचारात पडली. मी तिच्या टाळूला औषध लावत होते. टाके पडायचे थोडक्यात वाचले होते. "खरंच की," ती हळूच म्हणाली. "मला शिवून काय उपयोग."

त्यानंतर घास पुन्हा आमच्या कठड्यावर. त्याला सीगल यायचे. समुद्र जवळ असल्याने ते कुठेही येतात, शाळेच्या मैदानात, डेअरी म्हणतात त्या कोपऱ्यावरच्या दुकानाच्या दारात. घास संपला की ते उडून शेजारच्यांच्या चाकावर बसायचे आणि तिथेच घाण करायचे.

चाकाबद्दल सांगायला हवं. शेजारच्या अंगणात एक उंच खांब होता आणि खांबाच्या टोकावर बैलगाडीला असतं तसं लाकडी चाक, आडवं बसवलेलं. आम्ही घर घेतलं तेव्हा नवऱ्याला तो कसला तरी अँटेना वाटला होता. मला वाटलं, काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या भूकंपानंतर या गावात कुणाचं काय कुठे जाऊन पडलं याचा नेमच नाही, तसलंच हे. त्या वर्षांत गावभर रस्ते खोदलेले, जिकडेतिकडे नारिंगी शंकू. त्यात एक चाक काय जड होतं? तिथे एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. मान हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती.

ते एका दुपारी कुंपणाशी आले. टोपी हातात आणि रागाने लाल. इंग्रजी बोलत होते, पण प्रत्येक शब्दाच्या पहिल्या अक्षरावर हातोडा मारल्यासारखं.

"तुमचे पक्षी माझ्या करकोच्याच्या जागेवर बसतात."

"कुठला करकोचा?"

"जो येईल तो."

माझंही डोकं फिरलेलं होतं. मी म्हटलं, "या देशात करकोचे नाहीत. आणि सीगल माझे नाहीत."

"मला माहीत आहे नाहीत," ते म्हणाले. "साठ वर्षं होत आली मला इथे. तुमच्या आईला माहीत आहे का, की कावळे नाहीत?"

मी चाटच पडले. यांना कावळ्याचं कुणी सांगितलं? ते म्हणाले, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. बाई रोज अन्न ठेवते, सीगल आले तरी तिचं समाधान होत नाही, त्यांच्या पलीकडे बघत राहते. काळ्या पक्ष्याला अन्न ठेवणाऱ्या हिंदू लोकांबद्दल त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. "आणि पक्ष्याची वाट बघणारं माणूस कसं उभं राहतं ते मला कळतं," ते म्हणाले. तेवढ्यात आई बाहेर आली. त्यांनी कमरेत वाकून कुंपणावरून तिचा हात धरला आणि ओठांकडे नेला. आईने पोळल्यासारखा हात मागे घेतला. मी किंचाळलेच. त्यांच्या हंगेरीत वयस्क बाईला असाच नमस्कार करतात हे समजून घेईपर्यंत आईने हात पदराला पुसून घेतला होता. मग ती इतकी हसली की मला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. बाबा गेल्यापासून मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं.

ते सुतार होते, आता काम सोडलेले. आई त्यांना भाऊ म्हणायला लागली. त्यांना आईचं नाव जमेना, ते नुसतं वाकायचे, लांबूनच. संध्याकाळी कुंपणाच्या अलीकडे आई, पलीकडे ते, आणि मध्ये दुभाषी मी, दिवसभर गोळ्या मोजून थकलेली. दोघांना धीर नव्हता. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत "काय म्हणाले?" आणि "काय म्हणाली?"

त्यांच्या गावात म्हणे घराच्या धुराड्यावर नाहीतर खांबावर मुद्दाम चाक बसवतात, करकोच्याला घरटं बांधायला बरं पडावं म्हणून. तो हिवाळ्यात आफ्रिकेत जातो आणि वसंतात त्याच चाकावर परत येतो. ज्या घरावर येतो ते घर चांगलं. त्याचं घरटं कुणी मोडलं तर त्या घराला आग लागते. आईने लगेच मान डोलावली, जसं काही साताऱ्यात रोज लागत होती.

"आणि जो माणूस गावात बसत नाही," ते म्हणाले, "त्याला आमच्याकडे पक्षी म्हणतात. कौतुकाने नाही हां. विचित्र पक्षी. मी छपरावर बसून लाकूड कोरायचो, गुरं हरवायची. लोक आईला म्हणायचे, तुझ्या पोटी पोर नाही, पाखरू आलं. कुणी फारच वेगळा निघाला तर पांढरा डोमकावळा." त्यांच्या आजीच्या काळात तर दात घेऊन जन्मलेल्या मुलाला लोक भ्यायचे. असं मूल झोपलं की त्याचा जीव पक्षी होऊन बाहेर पडतो आणि दुसऱ्यांना न दिसणारं बघून येतो. हे जन्मले तेव्हा सुईणीने त्यांच्या तोंडात बोट घालून हिरड्या चाचपल्या होत्या. "दात नव्हता. आजीला वाईट वाटलं. आईला बरं वाटलं."

आई उजळली. "त्यांना सांग, तू पायाळू आहेस."

"आई, प्लीज."

"सांग ना. पायाने जन्मली. पायाळूला जमिनीखालचं दिसतं. हिचे वडील म्हणायचे, हे पोर घरात ठरायचं नाही."

बाबा असं म्हणायचे हे मला माहीत नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगितलं. मी परदेशी गेले तेव्हा बाबा रुसलेत असंच मी धरून चालले होते. त्यांनी ते माझ्या जन्मापासून गृहीत धरलं होतं, हे मला कुंपणाशी उभं राहून, दुसऱ्या कुणाला सांगता सांगता कळत होतं. म्हातारबुवांनी माझ्याकडे बघून टोपी काढली. "मग आपण एकाच जातीचे पक्षी," ते म्हणाले.

चाकाचं मात्र ते एवढंच सांगायचे की इथे आल्यावर त्यांनी ते स्वतःच्या हाताने केलं. आधी धुराड्यावर होतं. भूकंपात धुराडं कोसळलं, चाक गवतात पडलं, आरासुद्धा तुटला नाही. मग खांब पुरला. का, ते सांगत नव्हते. आईही विचारत नव्हती.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं. त्या दिवसांत तिथे साडेआठ वाजले तरी लख्ख उजेड असतो. अशाच एका संध्याकाळी आम्ही तिघं कुंपणाशी चहा घेत होतो आणि आई बोलता बोलता थांबली. चाकावर काहीतरी बसलं होतं. मुठीएवढं, तपकिरी, अंगावर पांढरे ठिपके. त्याने मान गर्रकन वळवली आणि पिवळ्याजर्द डोळ्यांनी आमच्याकडे बघितलं. मग दोनदा खालीवर झुललं.

"अगंबाई, पिंगळा!" आईने हात जोडले.

मला हसायला आलं. पण खरंच तो आपल्या पिंगळ्याचा सख्खा भाऊ शोभला असता. आमच्या माहेरच्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी होती. सकाळी तो काय बोलला त्यावरून आजी दिवस कसा जाणार ते ठरवायची. या देशात आईला ओळखीचं म्हणून पहिलं पाखरू भेटलं होतं.

पलीकडे कप फुटला. म्हातारबुवांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी पायातली जँडल, म्हणजे इथली रबरी चप्पल, काढली आणि चाकाच्या दिशेने भिरकावली. ती खांबालाही लागली नाही. ते वाकले, दुसरी काढली, आणि त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडले.

"अहो भाऊ! मारू नका! पिंगळा आहे तो!" आई मराठीत ओरडत होती. "सांग ना त्यांना! नुसती उभी काय राहिलीस?"

काय सांगणार? पाखरू केव्हाच उडून गेलं होतं. ते कुंपणाला धरून धापा टाकत होते. त्यांनी मला सांगितलं, आणि मी आईला. त्यांच्याकडे हे मरणाचं पाखरू. ज्या घरावर बसून ओरडतं त्या घरातून माणूस बाहेर काढतात. फळबागांना त्रास देणारे पक्षी मारायला म्हणून फार पूर्वी कुणीतरी ते बोटीने या देशात आणून सोडलं. इथे पोचल्यावर त्यांना वाटलं होतं, सगळं मागे राहिलं, निदान ते तरी. आणि मग पहिल्याच वसंतात शेतावर काम करताना कुंपणाच्या खांबावर तेच बसलेलं दिसलं. "करकोचा आणला नाही," ते म्हणाले. "हे आणलं."

मी आईला म्हटलं, "आई, त्यांच्यासाठी ते अशुभ आहे. मरणाचा निरोप आणतं."

मला वाटलं ती घाबरेल, निदान वरमेल. आई चाकाकडे बघत राहिली. "मरणाकडून येतं ना?" ती म्हणाली. "मग बरोबरच आहे. मला तिकडचाच तर निरोप हवाय. भाऊंना विचार, वर्षश्राद्धाचा घास त्यांच्या चाकावर ठेवला तर चालेल का."

हे मी विचारायला नको होतं असं नवऱ्याचं नंतर म्हणणं पडलं. पण दुभाष्याने काय गाळायचं आणि काय ठेवायचं हे कुणी ठरवायचं? मी विचारलं. म्हातारबुवांनी आमच्याकडे असं बघितलं, जसं काही आम्ही त्यांच्या दारात प्रेत आणून ठेवलंय. अनवाणीच ते घरात गेले आणि दार लागलं.

त्यानंतर पडदे ओढलेलेच. अंगणात जँडल तशाच पडलेल्या. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मला सुट्टी होती. आईने दुपारी डब्यात घावन भरले आणि मला पुढे घातलं.

दार लगेच उघडलं. ते बरे होते, फक्त दाढी वाढलेली. स्वयंपाकघरात गॅसवर बटाट्याचं लालभडक सूप रटरटत होतं. आईने वास घेतला आणि मला कोपर मारलं, "आपलं तिखट!" मग तिची नजर वर गेली आणि ती जागीच थबकली. जेवणाच्या टेबलावर छतापासून दोऱ्याने एक पांढरा पक्षी टांगला होता. अंड्याच्या रिकाम्या कवचाचं पोट, घड्या घातलेल्या कागदाचे पंख आणि शेपूट. खिडक्या बंद, वारा नाही, आणि तो हळूहळू फिरत होता.

"हे कशाने फिरतंय?" आईचा आवाज बारीक झाला होता. माझ्याही अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

"सूपच्या वाफेने," ते म्हणाले. नाताळात त्यांच्या गावी घरोघरी असं कबुतर टेबलावर टांगतात. म्हातारबुवा मात्र ते वर्षभर ठेवतात, कारण घरात दुसरं फिरणारं कुणी नाही. लहानपणी त्यांची आई म्हणायची, कबुतर रिकाम्या खुर्चीकडे वळलं की जो लांब गेलाय त्याला भूक लागली असं समजायचं.

मग आम्हाला बसवून त्यांनी न विचारता चाकाचं सांगितलं. हंगेरीतला छप्पन सालचा उठाव रशियनांनी चिरडला आणि हजारो लोक देश सोडून पळाले, त्यांत हे होते, मिसरूड फुटलेले. निघताना त्यांची आई दारात उभी होती. वर छपरावर रिकामं चाक, करकोचे आफ्रिकेत गेलेले. ती म्हणाली, तू येईपर्यंत मी हे चाक उतरवू देणार नाही. मग सरहद्द बंद झाली आणि परत जायची वाट उघडायच्या आत ती गेली. गावाने यांना कळवलं आणि विचारलं, घर पडायला आलंय, चाक उतरवायचं ना?

"मी काहीच कळवलं नाही. इथे एक चाक केलं आणि वर चढवलं." ते सूप ढवळत होते, आमच्याकडे पाठ होती. "चाक कुठेतरी वर आहे तोवर मी यायचा आहे. माझ्या आईला कुणी सांगितलेलं नाही की मी येणार नाही. ते पाखरू मला न्यायला आलं तर न्यायला हरकत नाही. पण मग चाक उतरवतील."

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं, जमेल तसं. मला वाटलं ती डोळे पुसेल, अरेरे म्हणेल. ती ताठ बसून ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांना सांग, मी कावळ्याला येऊ नको म्हटलं होतं."

मला कळलंच नाही. "कुठल्या कावळ्याला?"

"घाटावरच्या. ह्यांच्या दहाव्याला."

"आई, काय बोलतेस तू?"

"तुम्ही सगळे ये ये करत होतात. काका जमीन देत होते, तू मला घेऊन जायचं कबूल करत होतीस. मी मागे उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, येऊ नकोस. शिवला की हे गेले. मग उरलंच काय? येऊ नकोस, येऊ नकोस, एवढंच म्हणत होते मी. आणि त्याने माझं ऐकलं." तिने माझ्याकडे बघितलं. "ह्यांची कसलीच इच्छा राहिली नव्हती गं. मीच अडवून ठेवलंय त्यांना वर्षभर. सांग ना भाऊंना. थांबलीस का?"

मला आजवर इतका धक्का कशानेच बसला नव्हता. बाबा गेल्याचा फोन आला तेव्हाही नाही. वर्षभर मी मनाशी एकच धरून होते, की कावळा माझ्यामुळे आला नाही. ती मॅगपायकडून डोकं फोडून घेऊन हसत आली होती ते का, ते मला आत्ता दिसत होतं. म्हातारबुवा हातात पळी घेऊन वाट बघत होते. मग मी ते इंग्रजीत सांगितलं. "माझी आई म्हणतेय, तिने कावळ्याला येऊ नकोस म्हणून विनवलं. तो आला असता तर माझे वडील गेले असते." दुसऱ्या भाषेत ते जास्तच उघडंवाघडं वाटलं.

त्यांनी गॅस बंद केला. तीन वाडग्यांत सूप ओतलं, आईचा पुढे ठेवला, आणि या वेळी हात न धरता तिच्यापुढे खाली वाकले. "तिला विचारा," ते म्हणाले, "आणि आता?"

आईने वर फिरणाऱ्या कबुतराकडे बघितलं. "आता पुरे," ती म्हणाली. "माझं पुरे. भाऊंनी मात्र चाक उतरवायचं नाही. त्यांना हवं तोवर राहू दे." मी ते सांगितलं. मग आम्ही तिघांनी घावन सुपात बुडवून खाल्ले. आईने सुपात मीठ कमी आहे असंही सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजी फोनच्या पडद्यावर होते आणि नवऱ्याने ते सांगतील तसं सगळं केलं. आईने पान घेतलं आणि कठड्यावर नेऊन ठेवलं. आमच्याच कठड्यावर, चाकावर नाही. हात जोडले. मी रोजच्यासारखी तिच्या उभं राहण्याची वाट बघत होते. ती वळली, आत आली, मागे न बघता. "चल, पानं वाढायला घे," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

मी मात्र खिडकीशी राहिले. मी दहाव्याला काही मागितलं नव्हतं, माझा कशावर विश्वासही नव्हता. अंगणात ऊन होतं. पलीकडे चाक रिकामं होतं. कुंपणावर एक सीगल उतरला, नेहमीचाच, एक पाय आखडून बसणारा. त्याने मान तिरकी करून पानाकडे बघितलं आणि कठड्यावर उडी मारली.

"नको," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. काचेवर माझा हात आपटला. "नको ना, थांब, येऊ नकोस."

त्याने घास उचलला.

"कुणाशी बोलतेस गं?" आतून आई म्हणाली. "ये, भात गार होतोय."